युरोबॅगकडे बघताना

अगं, वॉर्डात नवीन आहेस तर एक सवय आत्ताच लाव. युरोबॅग म्हणजे मूत्राशयात घातलेल्या नळीतून येणारी लघवी जमा होते ती पिशवी; तिच्यावरचा आकडा नुसता चार्टवर उतरवू नकोस, त्याचा अर्थ लाव. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात; लघवी बनते जेमतेम दीड लिटर. रक्तदाब फार पडला की गाळणंच मंदावतं. म्हणून 60 किलोच्या पेशंटची लघवी तासाला 30 मिलीच्या खाली गेली, तर आधी नळी बघ. पायाखाली दबलीय का, पीळ पडलाय का, ओटीपोट फुगलंय का? नळी मोकळी असेल तर डॉक्टरांना लगेच कळव, राउंडची वाट बघू नकोस. स्ट्रेचरवर घेताना बॅग पेशंटच्या पोटावर ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही; लघवी उलटी मूत्राशयात जाते.