आधी घाव वाच, मग राजा

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी आजोबांची डबी उघडून तू पहिलंच विचारलंस, "काका, हे कोणत्या राजाचं?" तुझ्या हातात चांदीचा एक वेडावाकडा चौकोनी तुकडा होता, एक कोपरा छाटलेला. ते आहत नाणं, म्हणजे धातूच्या तुकड्यावर चिन्हांचे ठसे ठोकून केलेलं जुनं नाणं. त्याच्यावर राजाचं नाव नसतंच, नुसती चिन्हं असतात. मी लगेच उत्तर दिलं नाही आणि तू जराशी हिरमुसून गेलीस, ते माझ्या लक्षात आलं. म्हणून हे पत्र.

वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला मी तीस वर्षं डायमेकर, म्हणजे ठसे-साचे घडवणारा, होतो. पंचाची (ठोकायच्या ठशाची) धार कशी जाते, पत्रा कुठे फाटतो, ठसा तिरका बसला की काय दिसतं, हे माझ्या बोटांना कळतं. नाण्यांकडे मी याच वाटेने आलो. तूही याच वाटेने यावंस असं मला मनापासून वाटतं. वस्तू घडली कशी ते आधी बघ.

तो तुकडाच घे. चांदी ठोकून पत्रा केला, पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, पट्ट्यांचे तुकडे पाडले. मग तुकडा तराजूत. जड भरला तर कोपरा छाटायचा. तुझ्या नाण्याचा कोपरा झिजलेला नाही, मोडलेला नाही. कुणीतरी तराजूकडे बघत तो मुद्दाम उतरवलाय. अशा चांदीच्या नाण्याला कार्षापण म्हणत; त्याचं माप ३२ गुंजांचं, आजच्या काट्यावर साधारण सव्वातीन ते साडेतीन ग्रॅम.

आता चिन्हं. एका बाजूला पाच, आणि प्रत्येकाचा पंच वेगळा. भिंग घे, उजेड बाजूने पडू दे. सूर्याचा एक किरण शेजारच्या चिन्हावर चढलाय आणि त्याची कड दबून गेलीय. म्हणजे सूर्य नंतर बसला. असं एकेक जोड तपासत गेलीस तर निदान काही घावांचा क्रम लागतो. कडेला केसाएवढा तडा आहे. ठोकून ठोकून चांदी ताठरते, मध्ये ताव दिला नाही तर ती अशीच उकलते. जांभळी नाक्याकडे एखाद्या जुन्या सोनाराच्या पेढीवर तासभर बसून ये. चांदी कधी लाल करतात, कधी विझवतात, हे पुस्तकात वाचून कळणार नाही.

मागच्या बाजूची बारीक चिन्हं विसरू नकोस, ती नाणं फिरत असताना मागाहून मारलेली. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. तक्षशिलेच्या साठ्यांतली नाणी त्यांनी एकेक करून तोलली. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं. मागची चिन्हं वाढत जातात तसं सरासरी वजन उतरत जातं, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. ज्यांच्यावर नाव नाही, साल नाही, अशा नाण्यांना त्यांनी काट्यावर बोलतं केलं. ओतीव नाण्यांचंही तसंच. हरियाणात रोहतकला यौधेय या प्राचीन गणाच्या नाण्यांचे मातीचे साचे सापडले. त्यांचा कसून अभ्यास करून १९४५ साली छापला तो बिरबल साहनींनी, आणि ते तर जीवाश्म वनस्पतींचे शास्त्रज्ञ. एकावर एक रचलेल्या मातीच्या चकत्या, मधून रस ओतायची वाट, तिथून फुटलेल्या पन्हळी: एका ओतात कितीतरी नाणी. तू इतिहासाची विद्यार्थिनी नाहीस म्हणून संकोचतेस. संकोचू नकोस.

आता मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण सांगतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतली नऊ हजारांवर नाणी त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, पुन्हा ठोकून घेतलेली. वितळवली नाहीत, त्याच चकतीवर आपला ठसा मारला: एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना वर्तुळं असलेली फुली. घाव पुरता बसला नाही तिथे खालून नहपानाचं नाक डोकावतं, कपाळ दिसतं, ग्रीक अक्षरांचे तुकडे उरतात. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात गौतमीपुत्राला क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा म्हटलंय. ते वाचून एक माहिती मिळाली होती. पण असं एक नाणं भिंगाखाली पाहिलं, डोंगराच्या कमानीखाली तो दबलेला गाल दिसला, तेव्हा माझा हात थांबला. मी आयुष्यभर ठसे मारलेत. जुनं पुरतं पुसायला किती जोर लागतो ते मला माहीत आहे, आणि हजारो नाण्यांच्या घाईत तो प्रत्येक वेळी लागत नाही.

वजनाबरोबर घनताही काढायला शीक. शुद्ध चांदीची पाण्याच्या १०.५ पट, तांब्याची ८.९ पट. नाणं आधी कोरडं तोलायचं, मग दोऱ्याने पाण्यात लोंबतं ठेवून. कोरड्या वजनाला या दोन वजनांतल्या फरकाने भागलं की घनता. ३.४० ग्रॅमचं शुद्ध चांदीचं नाणं पाण्यात जेमतेम ०.३२ ग्रॅम हलकं भरतं. एवढ्याशा फरकात ०.०१ ची चूक झाली तरी नाण्यात नसलेलं वजनाने सुमारे सहावा हिस्सा तांबं दिसायला लागतं. म्हणून तीन दशांश स्थळांचा काटा हवा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचार.

एक गोष्ट सांगताना मला अजून त्रास होतो. तिशीत असताना एका ओळखीच्या घरून मला अकरा नाणी मिळाली, प्रत्येक वेगळ्या कागदाच्या पुडीत. मी ती चिंचेने घासून लख्ख केली आणि पुड्या टाकून दिल्या. पुड्यांवर पेन्सिलीने गावांची नावं होती. आज ती अकरा नाणी माझ्याकडे आहेत, पण ती कुठली, हे मी कुणालाच सांगू शकत नाही. सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप आपल्यापासून किती लांब? १८८२ साली पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी तो उघडला, तेव्हा आतल्या अवशेषांच्या करंडकात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं निघालं. तेच नाणं बाजारात सुटं मिळालं असतं तर स्तूपाबद्दल एक अक्षर बोललं नसतं.

म्हणून विकत घ्यायची घाई नको. पुढे कधी जमिनीतून काही निघालं तर गुप्तधनाच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, घरी आणायचं नाही. बघायला मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. पहाटेची कसारा लोकल धरली तर तिथे दिवसभर वेळ मिळेल. मी येईन बरोबर.

येत्या रविवारी डबी घेऊन ये. काही धुऊ नकोस, पुसू नकोस. डबीच्या तळाशी ती पिवळी पडलेली चिठ्ठी होती, तीही आण. आजीला विचार, आजोबा नोकरीला कुठे कुठे होते, आणि ती सांगेल तसं लिहून घे. माझ्या खिडकीत नऊपर्यंत ऊन तिरपं असतं, तेव्हा आठला पोच.

तुझा,
काका