एक्स-रे साफ, तरी अंगठा का बांधला?

प्रश्न : आठ दिवसांपूर्वी पाय घसरला आणि पडताना उजवा तळहात जोरात टेकला. एक्स-रेत फ्रॅक्चर नाही. तरी डॉक्टरांनी अंगठा धरून कोपराच्या अलीकडपर्यंत स्लॅब (एका बाजूने आधार देणारं अर्धं प्लास्टर) घातला, दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे सांगितला. दुखतंय मनगट, मग अंगठा कशाला बांधायचा? हे पत्रही मुलीकडून लिहून घेतेय. निदान रात्री स्लॅब सोडला तर चालेल का?

उत्तर : ताई, रात्रीसुद्धा सोडू नका. झोपेत कूस बदलताना त्याच हातावर भार येतो.

अंगठा ताणून वर केला की त्याच्या बुडाशी एक खळगा पडतो. त्याच्या तळाशी काजूच्या आकाराचं एक हाड असतं, स्कॅफॉइड. तिथे दाबल्यावर पेशंट कळवळला, तर एक्स-रे कितीही साफ असो, मी स्लॅब घालतेच. या हाडाची बारीक चीर पहिल्या फिल्ममध्ये लपते, दहा-चौदा दिवसांनी दिसू लागते. शिवाय त्याला बरंचसं रक्त बोटांकडच्या टोकातून उलटं मनगटाकडे येतं. मधेच चीर पडली की मागचा तुकडा उपाशी राहू शकतो. एक तरुण माझ्याकडे पाचव्या दिवशीच स्लॅब काढून टाकून गायब झाला होता. काही महिन्यांनी परतला तेव्हा हाड जुळलेलं नव्हतं आणि ऑपरेशन करावं लागलं. त्याला नीट समजावून सांगितलं नाही, ही रुखरुख मला अजून आहे.

आता अंगठा. त्याच्या बुडाच्या आणि स्कॅफॉइडच्या मध्ये एकच छोटं हाड आहे. चिमटीत पेन धरलं तरी जोर तिथवर पोचतो. काही डॉक्टर अंगठा मोकळा ठेवतात, तेही चूक नव्हे. पण तुमचा बांधलाय, तर राहू द्या.

स्लॅब नीट बसलाय का, एवढं मात्र बघा. हात पाण्याचा पेला धरल्यासारखा हवा, मनगट किंचित मागे. अंगठ्याचं टोक उघडं आणि बाकीच्या चार बोटांची मूठ वळायला हवी. ओलं प्लास्टर मी नेहमी तळव्याने दाबते, बोटांनी नाही. बोटाचा खड्डा उमटला तर तो वाळल्यावर आतून टोचत राहतो. तसं एका जागी टोचत असेल तर आत कापूस कोंबू नका, डॉक्टरांना दाखवा.

अंगठी अजून बोटात असेल तर आजच काढा. हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. अंगठ्याचं नख दाबून सोडा : पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. तसं झालं नाही, बोटं बधिर किंवा निळी पडली, ठणका वाढत गेला, तर वरचं क्रेप बँडेज सैल करा, स्लॅब हाताखाली तसाच राहू द्या आणि लगेच दवाखाना गाठा. मध्यरात्र असली तरी.