प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : माइक बंद केला, पण बंद झाला का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे ऑनलाइन बैठकांमधील माइकच्या परवानगीविषयी होती. त्यातले पहिले पत्र सर्वांत अवघड असल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमची स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेणारी लहान संस्था आहे. वर्ग आम्ही स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेल्या बिगब्लूबटन या ऑनलाइन वर्गांच्या सॉफ्टवेअरवर घेतो. विद्यार्थ्यांना माइक सुरू करता येऊ नये म्हणून मी 'लॉक व्ह्यूअर्स' या सहभागींवर निर्बंध घालण्याच्या सोयीत जाऊन मायक्रोफोनला कुलूप लावले होते. आदल्या रात्री एकाच लॅपटॉपवर दोन विंडो उघडून तपासणीही केली; दुसऱ्या विंडोत बोलण्याची सोय बंद झाली होती. तरीही दुसऱ्या दिवशी शिक्षक शिकवत असताना एका विद्यार्थ्याच्या घराखालून जाणाऱ्या भंगारवाल्याची आरोळी सर्व साठ जणांनी ऐकली. माझ्या चाचणीत काय चुकले? (तंत्रसहायक, सोलापूर)

उत्तर : आपण जे तपासले ते बरोबरच होते, परंतु ते फार थोडे होते. कुलूप लावण्याच्या क्षणी जो आत बसला आहे त्याच्यावर ते लागते, एवढेच त्या रात्री सिद्ध झाले. वर्गात मात्र विद्यार्थी पाच-दहा मिनिटे मागेपुढे येतात, कोणाचे नेट जाते आणि तो पुन्हा आत येतो, कोणाला शिक्षक उत्तरासाठी बोलते करतात. आपल्या प्रकरणात संशयाची जागा तीन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे 'लॉक-सेटिंग्ज-लॉक-ऑन-जॉइन' ही सर्व्हरवरील सेटिंग. ती मुळात चालू असते. पण कोणी ती बंद केली असेल, तर नंतर सामील होणाऱ्याला कुलूप लागतच नाही, आणि आपल्या चाचणीत नंतर येणारा कोणी नव्हता. दुसरी जागा मॉडरेटरच्या, म्हणजे बैठक चालवणाऱ्याच्या, भूमिकेची. बिगब्लूबटनमधील हे कुलूप केवळ व्ह्यूअरसाठी, म्हणजे साध्या सहभागीसाठी, असते, मॉडरेटरला ते लागत नाही. बिगब्लूबटनच्या जोडीने चालणाऱ्या ग्रीनलाइट या संकेतस्थळामधून ऑनलाइन खोली तयार केली असेल, तर सर्वांना मॉडरेटर म्हणून आत घेण्याचा पर्याय त्या खोलीपुरता कोणी चालू ठेवला आहे का, ते पाहावे. खोल्या अनेक असतील, तर चाचणी एका खोलीत आणि वर्ग दुसऱ्या खोलीत, असेही घडलेले असू शकते. तिसरी जागा साधी आणि माझ्या मते सर्वाधिक संभवनीय आहे : शिक्षकांनी त्या विद्यार्थ्यापुरते कुलूप काढले, त्याने उत्तर दिले, आणि कुलूप पुन्हा लावायचे राहून गेले. असे असेल तर सॉफ्टवेअर निर्दोष आहे, आणि चाचणी शिक्षकांना हाताशी घेऊनच करायला हवी.

आता एकाच लॅपटॉपवरील दोन विंडोंविषयी. ही पद्धत सोयीची असली, तरी आवाजाच्या परवानगीसाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे. दोन्ही विंडोंना एकच माइक मिळतो, ब्राउझरने त्या संकेतस्थळाला एकदा दिलेली परवानगी दोन्हींना लागू होते, आणि स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरू नये म्हणून प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा आपल्या नकळत आवाज कापत असते. त्यामुळे ऐकू आलेला आवाज कोणत्या विंडोतून गेला, आणि ऐकू न आलेला आवाज परवानगीमुळे थांबला की प्रतिध्वनी दाबल्यामुळे, हे सांगता येत नाही. किमान तीन वेगळी उपकरणे, घरातल्या किंवा कार्यालयातल्या तीन वेगळ्या खोल्या आणि प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, एवढी तयारी करावी. त्यातला एक फोन वायफायवर न ठेवता मोबाइल डेटावर ठेवावा, म्हणजे मध्येच नेट तोडून पाहता येते.

आम्ही अशी चाचणी घेतो तेव्हा प्रत्येकाला म्हणण्यासाठी वेगळे काही देतो. एकाने आकडे मोजायचे, दुसऱ्याने चैत्र-वैशाखापासून महिने म्हणायचे, तिसऱ्याने वार. ऐकणाऱ्याने कागदावर वेळ आणि कानावर पडलेला शब्द टिपायचा. 'हॅलो, ऐकू येतंय का' असे सर्वांनीच म्हटले, तर कोणाचा हॅलो आत शिरला याचा वाद नंतर मिटत नाही. 'आषाढ' ऐकू आले की प्रश्नच उरत नाही. बैठकीचे रेकॉर्डिंगही चालू ठेवावे आणि नंतर तेही ऐकावे, कारण खोलीत कोणाला ऐकू न आलेला एखादा शब्द रेकॉर्डिंगमध्ये उतरला असेल, तर तोही दोषच आहे.

मनाईची चाचणी करताना आणखी एक चूक हमखास होते, आणि ती अनुभवी माणसांकडूनही होते. कुलूप लावले, समोरचा बोलला, ऐकू आले नाही, आणि नोंदवहीत 'उत्तीर्ण' लिहिले गेले. पण त्या हेडसेटची पिनच नीट बसलेली नसेल तर? बंद पडलेला माइक प्रत्येक मनाई-चाचणीत उत्तीर्ण होतो. म्हणून क्रम असा असावा : आधी परवानगी देऊन तोच माणूस, त्याच माइकवरून, त्याच बैठकीत ऐकू येतो हे पाहावे, मग परवानगी काढावी आणि तो ऐकू येत नाही हे पाहावे, शेवटी परवानगी परत द्यावी आणि तो पुन्हा ऐकू येतो, हेही पाहावे. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. परवानगी परत मिळाल्यावर माइक आपोआप चालू झाला की म्यूटच राहून विद्यार्थ्याने बटण दाबण्याची वाट पाहत थांबला, हे त्याच पायरीत कळते. ज्याला परवानगी परत मिळाली त्याच्या घरातील बोलणे त्याच्या नकळत बाहेर जाऊ नये, म्हणून माइक म्यूट राहणेच योग्य, असे माझे मत आहे.

यापुढची चाचणी स्थिती बदलण्याच्या क्षणांची. विद्यार्थी महिने म्हणत असताना मध्येच कुलूप लावावे. कुलूप लागलेल्या विद्यार्थ्याचे नेट तोडून त्याला परत येऊ द्यावे. त्याला प्रेझेंटर (सादरकर्ता) करावे आणि परत व्ह्यूअर करावे, मग मॉडरेटर करून परत खाली आणावे. उपगटांच्या खोल्यांत पाठवून मुख्य खोलीत परत बोलवावे. आपल्या सर्व्हरवर फोन लावून सामील होण्याची सोय असेल, तर ती वाट नक्की तपासावी, कारण फोनवरच्या माणसासमोर पडदाच नसतो. बटण लपवून त्याला अडवता येत नाही, त्याला सर्व्हरनेच अडवावे लागते. पडद्यावरून बटण नाहीसे होणे आणि सर्व्हरने आवाज नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला दुसरीची खात्री हवी आहे. प्रत्येक वेळी निष्कर्ष मॉडरेटरच्या पडद्यावरील खुणेवरून न काढता ऐकणाऱ्याच्या कागदावरून काढावा.

स्थिती बदलताना काय घडू शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जानेवारी २०१९ मध्ये ॲपलच्या ग्रुप फेसटाइममध्ये असा दोष उघड झाला, की फोन लावणाऱ्याने समोरच्याने उचलण्यापूर्वीच त्या कॉलमध्ये स्वतःचाच क्रमांक जोडला, तर समोरच्याचा माइक सुरू होऊन त्याचे बोलणे ऐकू येऊ लागे. कॉल वाजतो आहे ही एक स्थिती, गट-कॉल सुरू आहे ही दुसरी. दोष या दोहोंमधल्या उंबरठ्यावर होता. ॲपलने २८ जानेवारीला ती सोयच बंद केली आणि ७ फेब्रुवारीला सुधारित आवृत्ती आणली. हा दोष सर्वांआधी ज्यांच्या लक्षात आला त्यांत ॲरिझोनातील एक चौदा वर्षांचा मुलगा होता, आणि तो मित्रांबरोबर खेळण्यासाठी कॉल लावत होता. आपल्या चाचणीत एखादा विद्यार्थीही बसवावा, हे मी गमतीने म्हणत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झूमवर होते. सचिव या नात्याने मी 'म्यूट ऑल' करतो, तरी दोन मिनिटांत कोणी ना कोणी बोलू लागते. बटण बिघडले आहे का? (सचिव, ठाणे)

उत्तर : बिघडलेले नाही. 'म्यूट ऑल' म्हणजे त्या क्षणी सर्वांचे माइक मिटवणे. ते पुन्हा उघडण्याची परवानगी वेगळी असते. ते बटण दाबताच येणाऱ्या चौकटीत, सदस्यांना स्वतःहून अनम्यूट होऊ द्यावे का, असा पर्याय असतो. त्यावरील खूण काढावी. मात्र ज्यांना आपण को-होस्ट (सह-यजमान) केले आहे ते तरीही स्वतःहून बोलू शकतात. सभेपूर्वी एका सदस्याला ॲपवरून आणि एकाला साध्या फोनवरून आत घेऊन पाहावे. फोनवरचे सदस्य *६ दाबून अनम्यूट होतात आणि *९ दाबून हात वर करतात. *६ खरोखर अडते का, हे सभेआधी एकदा ऐकून घ्यावे आणि *९ची माहिती सूचनापत्रात छापावी, नाहीतर त्या सदस्यांना बोलण्याची मागणीच करता येणार नाही.

प्रश्न : आम्ही ब्राउझरमध्ये चालणारे बैठकीचे सॉफ्टवेअर तयार करीत आहोत. माझ्या संगणकावर माइक चालतो, स्वयंचलित चाचण्याही सर्व उत्तीर्ण होतात. पण कार्यालयातील इतर संगणकांवर परवानगी विचारणारी चौकटच येत नाही, आणि वापरणाऱ्याला 'माइक सापडला नाही' एवढाच संदेश दिसतो. (विकसक, पुणे)

उत्तर : आपण स्वतःच्या संगणकावर लोकलहोस्ट हा, म्हणजे संगणकाचा स्वतःपुरता, पत्ता वापरत असणार, आणि सहकारी आपल्या संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) साध्या एचटीटीपीवर, म्हणजे असुरक्षित जोडणीवर, उघडत असणार. ब्राउझर माइक फक्त सुरक्षित जोडणीवर देतो. क्रोमने २०१५च्या अखेरीपासून हा नियम लागू केला. लोकलहोस्टला त्यातून सूट आहे, म्हणून आपल्याकडे सर्व सुरळीत दिसते. चाचणीच्या सर्व्हरवर एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, बसवावे. ते बसवूनही अडले आणि आपले पान दुसऱ्या संकेतस्थळाच्या आयफ्रेममध्ये, म्हणजे त्याच्या पानातल्या चौकटीत, उघडत असेल, तर त्या आयफ्रेमला मायक्रोफोनची मुभा स्पष्टपणे दिलेली आहे का, ते पाहावे.

संदेशाविषयी मात्र तक्रार आहे. ब्राउझर वेगवेगळ्या कारणांसाठी वेगवेगळी नावे परत देतो : परवानगी नाकारली तर नॉट-अलाउड-एरर, उपकरणच नसेल तर नॉट-फाउंड-एरर, उपकरण असूनही उघडता आले नाही, उदाहरणार्थ दुसऱ्या प्रोग्रामने अडवून ठेवले असेल, तर नॉट-रीडेबल-एरर. या सर्वांवर एकच वाक्य चिकटवले, की वापरणारा बिचारा हेडसेट काढून घालत बसतो. नॉट-अलाउड-एररमध्येही दोन पोटभेद आहेत : नकार वापरणाऱ्याने ब्राउझरमध्ये दिलेला असतो किंवा विंडोज अथवा मॅकच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये ब्राउझरलाच माइक नाकारलेला असतो. दोन्ही प्रकार हाताने घडवून पाहावेत. नकार न देता चौकट नुसती बंद करणारे लोकही पुष्कळ असतात, त्यांचीही वाट तपासावी.

स्वयंचलित चाचण्या उत्तीर्ण होण्याचे कारण बहुधा आपल्याच आज्ञावलीत सापडेल. क्रोमला 'यूज-फेक-यूआय-फॉर-मीडिया-स्ट्रीम' हा ध्वज (सुरू करताना द्यायची सूचना) दिला असेल, तर परवानगीची चौकट न दाखवताच होकार गृहीत धरला जातो. त्याच्या जोडीचा 'फेक-डिव्हाइस'चा ध्वज ठरावीक अंतराने बीप वाजवणारा खोटा माइक पुरवतो. आवाज पुढे जातो का, हे तपासण्यासाठी ही सोय उत्तम आहे. परंतु परवानगी तपासण्यासाठी ती म्हणजे परीक्षकानेच उत्तरपत्रिका लिहून देण्यासारखे आहे. नकाराच्या चाचण्या हा ध्वज काढून वेगळ्या चालवाव्यात.

प्रश्न : बैठक घेणारा माझा माइक माझ्या नकळत उघडू शकतो का? आणि मी म्यूट असताना सॉफ्टवेअर ऐकत असते का? (निवृत्त शिक्षिका, मडगाव)

उत्तर : पहिल्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी 'नाही' असे आहे. गूगल मीटमध्ये होस्ट आपल्याला म्यूट करू शकतो, अनम्यूट करू शकत नाही. झूममध्ये तो विनंती पाठवतो. आपण आधीच कायमची संमती देऊन ठेवली असेल तरच तो थेट उघडू शकतो, तेव्हा संमतीची चौकट आली की वाचून मगच बटण दाबावे. बिगब्लूबटनमध्ये मॉडरेटरला ही मुभा देणारी सेटिंग आहे, पण ती मुळात बंद असते.

दुसऱ्याचे उत्तर आपल्याला घरबसल्या मिळवता येईल. स्वतःला म्यूट करा आणि दोन वाक्ये मोठ्याने बोला. पडद्यावर 'आपण म्यूट आहात' अशी आठवण उमटली, तर सॉफ्टवेअरला माइक उपलब्ध आहे, हे उघडच झाले. आवाज आल्याचे कळल्याखेरीज ते आठवण कशी करील? याचा अर्थ आपले बोलणे बाहेर गेले असा मात्र होत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सहकाऱ्यांसह याच विषयावर अभ्यास मांडला. त्यात म्यूट असतानाही संगणकावर बसवलेली ॲप माइकपर्यंत पोहोचत असल्याचे दिसले, आणि ब्राउझरमधून सामील होणाऱ्यांची स्थिती तुलनेने बरी आढळली, कारण तिथे म्यूट करण्याचे काम ब्राउझरच्या हाती असते. म्हणून आपण शक्यतो ॲपऐवजी ब्राउझरमधून सामील व्हावे. फोन वापरत असाल, तर आयओएस १४पासून आयफोनवर नारिंगी आणि अँड्रॉइड १२पासून हिरवी खूण माइक वापरात असल्याचे दाखवते. म्यूट केल्यावर ती खूण जाते की राहते, ते पाहा. राहत असेल आणि घरात खासगी बोलणे चालू असेल, तर बैठकीतून बाहेर पडून दोन मिनिटांनी परत यावे.