गळ्यात साप घेतलेला खेळाडू
(छंदविषयक प्रश्नोत्तरे)

प्रश्न : मागच्या वर्षी आम्ही उभयता न्यू जर्सीला मुलीकडे चार महिने राहून आलो. शेजारच्या घरी जुन्या वस्तूंची विक्री चालू होती, तेथून नातवाने पाच डॉलरला बेसबॉलच्या कार्डांचा बुटांच्या खोक्याएवढा डबा आणला आणि दोन दिवसांत त्याचा उत्साह ओसरल्यावर तो माझ्या गळ्यात पडला. जावयांनी इंटरनेटवर पाहून सांगितले, की यातल्या एकाही कार्डाला किंमत नाही. मला बेसबॉलमधले ओ की ठो कळत नाही. पण एका कार्डावर दाढीवाला खेळाडू गळ्यात भलामोठा साप घेऊन हसत उभा आहे आणि ते टाकून देणे जिवावर येते. निव्वळ अशा मजेदार छायाचित्रांसाठी कार्डे जमवणे याला छंद म्हणता येईल काय? — एक निवृत्त वाचक, कोथरूड

उत्तर : जावयांचे म्हणणे खरे आहे आणि आपला जीवही योग्य ठिकाणीच अडकला आहे. आपले कार्ड बहुधा फ्लिअर कंपनीच्या १९८४ सालच्या संचातील असावे. तसे असेल तर त्यावरचे गृहस्थ म्हणजे अटलांटा ब्रेव्हज संघाचे ग्लेन हबर्ड. आणि साप बाजूला ठेवून मागे नीट पाहिलेत, तर फिलाडेल्फिया संघाचा केसाळ हिरवा शुभंकर फिली फॅनॅटिक तेथे उभा दिसेल. हबर्ड उत्तम क्षेत्ररक्षक होते, पण संग्राहक त्यांना ओळखतात ते याच कार्डामुळे. इतके नाव मिळवूनही हे कार्ड अगदी थोड्या डॉलरांत मिळते, आणि आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

कार्डाची किंमत ठरते ती त्यावर कोण आहे, ते किती छापले गेले आणि त्याचे कोपरे किती शाबूत आहेत यांवरून. छायाचित्र कसे आहे, याला त्या हिशेबात जवळजवळ स्थान नाही. टॉप्स कंपनीचे १९५२ सालचे, यँकीज संघाचे थोर फलंदाज मिकी मँटल यांचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. त्यावरचे चित्र मात्र, खरे सांगायचे तर, एखाद्या नीटनेटक्या ओळखपत्रावर शोभेल असेच आहे. उलट, १९८० मध्ये न्यायालयाच्या निकालाने टॉप्सची मक्तेदारी मोडल्यावर फ्लिअर आणि डॉनरस या कंपन्या १९८१ पासून मैदानात उतरल्या, पुढे आणखी कंपन्या आल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत कार्डांची छपाई इतकी अफाट झाली, की त्या काळातील खोकीच्या खोकी आज तिकडच्या माळ्यांवर पडून आहेत. पैसे गुंतवलेल्यांचे त्यात नुकसान झाले; नुसते पाहण्यासाठी जमवणाऱ्याला मात्र याच काळात सर्वाधिक मौज सापडते, कारण स्पर्धेमुळे छायाचित्रकारांना थोडी मोकळीक मिळाली होती. हबर्ड यांचा साप त्याच मोकळिकीतला, आणि त्याच १९८४ च्या फ्लिअर संचात डोक्यावर टोपीऐवजी चिमुकली छत्री लावून उभे असलेले जे जॉनस्टनही त्यातलेच.

त्याआधीची छायाचित्रे सहसा अशी नसत. वसंत ऋतूतील सरावाच्या वेळी खेळाडूंना एकेक करून उभे करायचे, बॅट खांद्यावर किंवा हातमोजा छातीशी धरायला सांगायचे आणि पुढचा बोलवायचा, असा तो कारभार होता. एक चित्र बिनटोपीचेही काढून ठेवत. खेळाडू दुसऱ्या संघात गेला, तर संघाचे चिन्ह नसलेले ते चित्र उपयोगी पडे. तेवढी तजवीज नसेल, तर चित्रकार रंगाच्या फवाऱ्याने जुन्या टोपीवर नवी टोपी रंगवत असे. या रंगवारंगवीचा कळस पाहायचा असेल, तर टॉप्सच्या १९७६ सालच्या पुरवणी संचातील ऑस्कर गँबल यांचे कार्ड शोधावे. दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेल्या त्यांच्या केसांच्या डोंगरावर यँकीज संघाची रंगवलेली टोपी कशीबशी तोल सांभाळून बसलेली आहे. टॉप्सच्या नियमित कार्डांवर प्रत्यक्ष सामन्यातील चित्रे १९७१ पासून आली, आणि १९७३ च्या संचात तर काही कार्डांवर धुळीत लोळणाऱ्या चार माणसांपैकी नाव छापलेला खेळाडू नेमका कोणता, हेच शोधत बसावे लागते. मला स्वतःला हा फसलेला संच फार आवडतो.

टॉप्सच्याच १९७६ च्या मुख्य संचात कर्ट बेवाक्वा यांचे एक कार्ड आहे, ज्यावर ते गमचा प्रचंड फुगा फुगवत आहेत आणि त्या फुग्याचे माप घेतले जात आहे. खेळाडूंमध्ये फुगे फुगवण्याची स्पर्धा झाली होती आणि हे तिचे विजेते होते. टॉप्सचा मूळ धंदा गम विकण्याचाच, कार्ड हे त्यासोबतचे आमिष. तेव्हा हे कार्ड म्हणजे घरच्याच दुकानाची जाहिरात आहे, पण जाहिरात इतकी निर्मळ असेल तर तिला हरकत कोणी घ्यावी?

छंद म्हणता येईल का, या आपल्या शंकेबद्दल एवढेच सांगतो, की न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात बेसबॉलची ३०,००० हून अधिक कार्डे आहेत आणि ती जेफरसन बर्डिक नावाच्या, सिरॅक्यूजच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या साध्या माणसाने जमवून दिलेली आहेत. संधिवाताने बोटे आखडलेली असताना त्यांनी ती स्वतः वह्यांत चिकटवली आणि १९६३ मध्ये, ते काम हातावेगळे झाल्यावर थोड्याच आठवड्यांत, त्यांचे निधन झाले. आपल्या शुक्रवार पेठेतील केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे पाहून आलेल्या पुणेकराला, रोजच्या वापरातली क्षुल्लक वस्तू कोणी का जपावी, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

एक मर्यादा मात्र घालून घ्यावी. नऊ कप्प्यांची दहा पाने, म्हणजे नव्वद कार्डे पुरेत. पाने भरली, की नवे कार्ड आत घेण्यासाठी जुने एक बाहेर काढायचे. मग प्रत्येक वेळी दोन छायाचित्रे समोरासमोर ठेवून पाहावी लागतात, आणि आपली आवड काय आहे, हे आपल्यालाच हळूहळू कळू लागते. आपल्या डब्यातील पाच-सहाशे कार्डांतून नव्वद काढायला एक पावसाळा सहज जाईल. काढताना चेहरा झाकून पार्श्वभूमी पाहण्याची सवय ठेवावी. प्रेक्षकांत डुलक्या घेणारा माणूस, सावलीत पाण्याचा पेला घेऊन उभा असलेला पंच, अशा गोष्टी तेथेच सापडतात.

प्रश्न : कार्डांवर चुकीचे फोटो छापले गेले, तर ती कार्डे खूप महाग होतात, असे मी ऐकले. हे खरे आहे का? मी नववीत आहे आणि माझ्याकडे महिन्याला दोनशे रुपये असतात. — एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : चूक झाली म्हणून कार्ड महाग होते, असे नाही. चूक लक्षात आल्यावर कंपनीने छपाई थांबवून ती दुरुस्त केली आणि चुकीच्या प्रती थोड्याच बाहेर राहिल्या, तर त्या प्रतींचा भाव वाढतो. फ्लिअरच्या १९८९ च्या संचात बिली रिपकेन यांच्या बॅटच्या टोकावर एक न छापण्याजोगा शब्द स्पष्ट वाचता येत होता. सरावाची बॅट चटकन ओळखू यावी म्हणून तो आपणच लिहिला होता, हे त्यांनी बऱ्याच वर्षांनी, २००८ मध्ये, कबूल केले. कंपनीने तो शब्द कधी पांढऱ्या रंगाने, कधी रेघोट्या मारून, तर कधी काळ्या चौकोनाने झाकला, आणि एका चुकीची अनेक कार्डे झाली. काळ्या चौकोनाचे कार्ड स्वस्त आहे, आणि माझ्या मते तेच अधिक गमतीचे आहे, कारण ती घाईघाईची झाकाझाक त्यातच डोळ्यांना दिसते.

बहुतेक चुका कोणी दुरुस्तच केल्या नाहीत. १९५७ मध्ये टॉप्सने हँक आरन यांच्या चित्राची निगेटिव्ह उलटी लावली, त्यामुळे उजव्या हाताने खेळणारा हा महान फलंदाज कार्डावर डावखुरा झाला आणि अंगावरचा ४४ हा आकडाही उलटा उमटला. १९५९ मध्ये लू बर्डेट या उजव्या हाताच्या पिचरने (म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याने) छायाचित्रकाराची थट्टा करण्यासाठी डावखुऱ्या सहकाऱ्याचा हातमोजा घालून डावरी ढब घेतली. ती कोणाच्या लक्षात आली नाही आणि कार्ड तसेच छापले गेले, वर त्यांच्या नावाचे स्पेलिंगही चुकले. १९६९ मधील कथा याहून वरताण आहे : ऑरेलिओ रॉड्रिग्ज यांच्या कार्डावर जो तरुण दिसतो, तो मुळी रॉड्रिग्ज नसून संघाच्या बॅटी उचलणारा मुलगा आहे. आरन थोर खेळाडू असल्यामुळे त्यांचे कार्ड तुला परवडणार नाही. पण टॉप्स जुन्या कार्डांच्या नव्या आवृत्त्या अधूनमधून काढते, आणि तुला चित्रच पाहायचे असल्याने नव्या आवृत्तीत काही कमीपणा मानू नकोस. विकणारा तिला मूळ प्रत म्हणत नाही ना, तेवढे पाहा.

अलीकडचे एक कार्डही तुला आवडेल. टॉप्सच्या २००७ च्या संचात यँकीजचे खेळाडू डेरेक जीटर यांच्या मागे प्रेक्षकांत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश हात हलवत आहेत आणि खेळाडूंच्या कक्षात १९९५ मध्ये निधन पावलेले मिकी मँटल उभे आहेत. ही अर्थात संगणकावरची करामत आहे. तरी दोघांना शोधायला तुझ्या मैत्रिणींना किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहण्यासारखे आहे.

प्रश्न : मुलाने पाठवलेली कार्डे पुण्याच्या पावसाळ्यात वाकली आणि काही एकमेकांना चिकटली. लॅमिनेशन करून घेऊ का? — एक वाचक, पाषाण

उत्तर : कृपया करू नका. लॅमिनेशन केलेले कार्ड पुन्हा मोकळे होत नाही आणि उष्णतेने त्याचा रंगही बिघडू शकतो. कार्डाचा आकार अडीच इंच गुणिले साडेतीन इंच, म्हणजे पोकर खेळण्याच्या पत्त्याएवढाच असतो, त्यामुळे पोकेमॉनच्या कार्डांसाठी मिळणारी पातळ पारदर्शक पाकिटे आणि नऊ कप्प्यांची पाने यांना चपखल बसतात. पाने घेताना ती पॉलिप्रॉपिलीनची आहेत ना, हे विचारून घ्यावे. मऊ पीव्हीसीची पाने काही वर्षांत चिकट होतात आणि चित्र धरून ठेवतात. चिकट पानांचे फोटो-आल्बम तर मुळीच वापरू नयेत.

चिकटलेली कार्डे बहुधा नव्वदच्या दशकातील गुळगुळीत लेपाची असावीत. ती ओढून किंवा पाण्यात भिजवून सोडवू नका. कोरड्या खोलीत काही दिवस ठेवून गठ्ठा हलक्या हाताने किंचित वाकवत राहिल्यास काही सुटतील, उरलेल्यांची आशा सोडावी. वाकलेली कार्डे पाकिटात घालून जड पुस्तकाखाली ठेवली, की बरीचशी सरळ होतात. डबा बाहेरच्या भिंतीला लागून न ठेवता आतल्या कपाटात, वरच्या फळीवर, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकण्याचा मोह होईल. त्यांचा वास कार्डांना कायमचा बसतो आणि काही प्लास्टिक त्यांच्या वाफेने मऊ पडते, तेव्हा डबा दर महिन्याला उघडून पाहणे हाच त्यावर बरा उपाय.

प्रश्न : अशी कार्डे पुण्यात कोठे मिळतील? — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : त्यासाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात पायपीट करू नये, तेथे काडेपेट्यांचे छाप शोधणे अधिक फलदायी ठरेल. एकेक कार्ड टपालाने मागवण्यातही अर्थ नाही, कारण दहा सेंटच्या कार्डाला टपालखर्च कित्येक पट पडतो आणि वर सीमाशुल्काचा प्रश्न उरतो. अमेरिकेतील कार्डांच्या दुकानांत बिनकिमती कार्डांचे खोके काउंटरवर ठेवलेले असते. तिकडून येणाऱ्या नातेवाइकाला, नावांची यादी न देता, ‘हसू येईल अशी शंभर निवडून आण’ एवढेच सांगावे. शंभर कार्डांचे वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे बदामाच्या एका पाकिटाएवढी जागा मागितल्यासारखे होते.