घुंगरांची घाई

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, तीन महिन्यांपासून कथक शिकते. एकेका पायात शंभर घुंगरांचा हट्ट धरलाय. टाचाही दुखतात म्हणते. काय करावं? आणि कपडे कोणते घालावेत?
– एक आई, परभणी

उत्तर : ताई, टाच दुखत असताना घुंगरं कसली बांधताय! आधी घरातली फरशी बघा. आपल्याकडे बहुतेक शहाबादी. तिच्यावर तासभर तत्कार, म्हणजे तालात पाय आपटण्याचा सराव, केला की टाचेचा ठेचाच. सध्या वीस मिनिटं पुरे. आठवड्यात दुखणं थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. घुंगरं नंतर, बाईंना विचारून. पायाला पन्नासच, दोरीत घट्ट ओवलेली पितळी. मी नवव्या वर्षी हट्टानं शंभर बांधली होती. घोट्यावरचा काळा डाग अजून आहे. कपडे? सुती सलवार-कुर्ता, ओढणी कमरेला गच्च. सॅटिनचा ड्रेस गॅदरिंगपुरता. मे महिन्यात त्यात पोर उकडून निघेल.