फाउंडेशन गावात येतंय, मग आधी काय विचारायचं? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : एका कंपनीचं फाउंडेशन आमच्याकडं नाला खोलीकरण आणि दोन सिमेंट बंधारे फुकट करून देतंय. ठराव आठ दिवसांत पाहिजे म्हणतात. देऊन टाकू का? – एक सरपंच, सातारा जिल्हा

घाई कुठून येते ते आधी बघा. कंपनी कायदा 2013, कलम 135. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना, म्हणजे नक्त मालमत्ता 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा नफा 5 कोटी, यातलं काहीही एक असलं तरी मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामावर घालावे लागतात, आणि त्यांचं वर्ष संपतं 31 मार्चला. त्यामुळं फेब्रुवारीत जेसीबी दारात उभा राहिला की समजायचं तारीख त्यांची आहे, गावाची नाही. पण कायद्यातच सोय आहे, काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केलं तर उरलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पुढची 3 वर्षं वापरता येतो. हे त्यांना सरळ विचारा, बघा चेहरा कसा होतो ते.

आता कामाचं. नुसतं खोलीकरण घेऊ नका. पाणलोटाचं काम माथा ते पायथा असतं, वर डोंगरावर सीसीटी (उताराला आडवे खणलेले सलग समतल चर) नाही, शेतात बांधबंदिस्ती नाही आणि खाली नाला उकरला तर तो गाळानं भरणार. आणि भलतंच खोल गेलं तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी उलट नाल्यात उतरतं, मग भांडणं. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेतल्या भूवैज्ञानिकाला शिवारात फिरवा, किती खोल जायचं ते त्याला सांगू द्या, कंत्राटदाराला नाही.

ठरावात काय पाहिजे? गाळ कोण काढणार, बंधारा फुटला तर पैसे कुठून येणार, आणि काम झाल्यावर मालमत्ता ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला चढणार का. बोर्डावर नाव त्यांचं लागू दे, त्यानं काही बिघडत नाही.

प्रश्न : पाणलोटाच्या श्रमदानाला आम्ही बायका सकाळी सहाला जायचो. पाणी वाढलं ते बागायतदारांच्या विहिरीला. आम्हाला जमीन नाही, वर चराईबंदी झाल्यामुळं शेळ्या विकायला लागल्या. संस्थेचे सर म्हणतात गावाचा विकास झाला. – बचत गटातली एक वाचक, बीड जिल्हा

ताई, सरांच्या अहवालात विहिरींची पातळी असणार, तुमच्या शेळ्या नसणार. भूमिहीनाचं काय, हे पाणलोटाच्या कामातलं सगळ्यात अवघड प्रकरण आहे आणि सगळ्यात जास्त टाळलेलं पण.

पण हे टाळायलाच पाहिजे असं काही नाही, आपल्याच राज्यात करून दाखवलंय. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे, पुण्यातले कारखानदार इंजिनिअर, पुरंदर तालुक्यात नायगावला गेले, देवस्थानची माळजमीन भाडेपट्ट्यानं घेतली, ग्राम गौरव प्रतिष्ठान काढलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आज वाचले तरी भारी वाटतात. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर, डोई अर्धा एकर भिजेल एवढं आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि लाभ घेणाऱ्यांनी खर्चातला 20 टक्के स्वतः घालायचा. हे सगळं पाणी यायच्या आधी ठरलेलं, म्हणून जमलं. पाणी आल्यावर बागायतदार कशाला वाटा सोडेल हो?

तुमच्याकडं ती वेळ गेलीय, तरी हातात काही आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे, तिथं ठराव करून घ्या. बंदी घातलेल्या रानातला चारा कापून न्यायचा पहिला हक्क भूमिहीन घरांना, आणि गावतळं ग्रामपंचायतीच्या ताब्यात असेल तर त्यातली मासेमारी गटाला. हिवरे बाजारला ग्रामसभेत दरवर्षी पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडतात, शेतीसाठी बोअर घेऊ देत नाहीत, ते उदाहरण तिथंच वाचून दाखवा. आणि संस्थेला सांगा, सीएसआरच्या यादीत उपजीविका पण बसते, पुढचा टप्पा आमच्या शेळ्यांचा.

प्रश्न : पुण्यातली नोकरी सोडून गावी आलोय. ट्रस्ट काढू, सोसायटी की सेक्शन 8 (ना-नफा) कंपनी? सीएसआर कशाला लवकर मिळेल?

कशालाच लवकर नाही. बाहेरच्या संस्थेला सीएसआर घ्यायला आयकर खात्याची 12ए आणि 80जी नोंदणी (करसवलतीची), कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी लागते आणि वर 3 वर्षांच्या कामाचा अनुभव. आपल्याकडं सोसायटी काढली तरी ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी होते, म्हणजे दोन्हीकडचे कागद. त्यापेक्षा 3 वर्षं ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घुसा, तिथं वित्त आयोगाचा पैसा येतो आणि तो नीट मागणारा माणूस बऱ्याच गावांत नसतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतली काही कुटुंबं गावच्या शाळेसाठी वर्गणी काढतोय. मुंबईच्या एका मोठ्या ट्रस्टला देऊ, ते गावच्या मंडळाला देतील. चालेल ना?

नाही चालणार. एफसीआरएमध्ये, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, 2020 ला दुरुस्ती झाली तेव्हापासून परदेशी देणगी एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेकडं वळवायला बंदी आहे. मोठ्या ट्रस्टनं घेतली तर काम त्यांनीच करायचं, आणि पैसा येणार फक्त एसबीआयच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात.

आता तुमच्यात दोन प्रकारची माणसं असतील. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकिंग मार्गानं दिलेले पैसे परदेशी देणगीत धरत नाहीत, ते मंडळाला थेट देऊ शकतात. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्यांचे धरतात, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. म्हणून एकाच खात्यात सगळी वर्गणी गोळा करू नका, पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या याद्या ठेवा. आणि कॉम्प्युटर घ्यायच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीला एक फोन करून विचारा, लाइट बिल कोण भरतं.