प्रीमियर पद्मिनी गाडीच्या बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतोय?

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, गाडी ढकलून उघड्यावर ने, मग पुढचं बोलू. साबण चोळणं किंवा एम-सील थापणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

पद्मिनीत मागच्या टाकीपासून धातूची नळी गाडीखालून पुढे येते आणि शेवटी रबरी पाइपने पंपाला जोडलेली असते. गळती बहुधा त्या रबरातच. जुनं रबर आताच्या 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकत नाही. फुगतं, मऊ पडतं, नाहीतर तडकतं. म्हणून फुटलेला तुकडाच नाही, सगळेच रबरी पाइप बदल. दुकानदार पारदर्शक प्लास्टिकची नळी हातात देईल (स्वस्त असते ना!), ती घेऊ नकोस. 'एसएई जे30 आर9' (इंधनाच्या पाइपचं मानक) छापलेला पाइप माग. क्लिपही गुळगुळीत कडांच्या घे, खाचवाल्या पट्ट्या पाइप कापतात.

पाइप कोरडे असूनही वास येतोय? मग मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटला असेल. डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून हुंगून बघ. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर इंजिन अजिबात सुरू करू नकोस. पंपासोबत ऑइलही बदलावं लागेल.